कच्चे टाके

स्कॉटिश सैनिक जगात कशालाही भीत नाही, असं इतिहास छातीठोकपणे सांगतो. इन्व्हर्नेसमधल्या किल्टच्या एका दुकानाच्या पायपुसण्यावर बूट घासत उभा असलेला कॉर्पोरल लाखलन मक्रे इतिहासानं पाहिलेला नव्हता.

पहिल्यांदा तो आला तो पावसातून पळत. आडोसा म्हणून आत शिरला, आणि बगलेतल्या किल्टचा, म्हणजे गणवेशातल्या चुणीदार घागऱ्याचा, पट्टा तुटल्याचं त्याला आत आल्यावर आठवलं. दुकानात शिवणकाम करणाऱ्या इशबेलनं मान वर केली. त्याच्या भुवईवरून एक थेंब निघाला, नाकाच्या टोकावर जरा थांबला... आणि नेमका तिच्या मापाच्या फितीवर पडला.

"माफ करा," तो म्हणाला.

"फितीला सवय आहे," ती किल्ट हातात घेत म्हणाली. "आमच्या आजोबांची पलटण पिवळ्या रेघेच्या टार्टन चौकड्यांची. सगळ्या पलटणी एक करून सगळ्यांना हे एकच हिरवं-निळं दिलं, तेव्हापासून ते याला पडद्याचं कापड म्हणतात."

"माझे आजोबा लाल रेघेवाले. ते तर पडदासुद्धा म्हणत नाहीत." तो हसला. "निदान या कापडावरून आपलं भांडण होणार नाही."

"ते बघू," इशबेल म्हणाली.

त्यानंतर त्या किल्टवर साडेसातीच आली. आज बक्कल, उद्या अस्तर, परवा चुणीचा टाका. इशबेलची आत्या जेसी, जिचं हे दुकान, ती कपाटाआडून म्हणायची, "हा पोरगा कवायत करतो की कुस्ती?" इशबेल दोऱ्याचं टोक निरखून बघे. तुटलेला दोरा विस्कटलेला असतो. हा प्रत्येक वेळी ब्लेडनं कापल्यासारखा स्वच्छ असे. पण असली गोष्ट बोलून दाखवली, तर माणूस यायचाच बंद होतो. म्हणून ती शिवत राहिली. तो बघत राहिला.

मग कळलं, पलटण सोमवारी सायप्रसला निघणार, सहा महिन्यांसाठी. शनिवारी नदीकाठी निरोपाचं संचलन. लाखलन शेवटचा एक तुटका टाका घेऊन आला. तोंड उघडलं, मिटलं, "पाऊस फार आहे," म्हणाला आणि गेला.

इशबेलनं मग स्वतःच डाव रचला. चुण्या बसवताना त्या कच्च्या टाक्यांनी जखडतात आणि इस्त्रीनंतर दोरा ओढून काढतात. तो विसरू नये म्हणून पांढरा घेतात. तिनं गर्द हिरवा घेतला, आणि काढलाच नाही. लाखलन किल्ट घालून बघेल, पाऊल टाकेल, अडकेल. मग ती मागं बसून सावकाश एकेक टाका सोडवील, आणि तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोलेलच!

पण शुक्रवारी तिची दाढ ठणकली. दातांच्या डॉक्टरकडून ती परतली तेव्हा खुंटी रिकामी होती.

"नेला त्यानं," आत्या म्हणाली. "बराच वेळ दाराकडे बघत बसला होता बिचारा."

"घालून बघितला?"

"म्हणाला, इशबेल असती तर बघितला असता."

शनिवारी सकाळी इशबेल कात्री घेऊन नदीकाठी पळाली. तिरक्या पावसात पलटण जागच्या जागी पावलं आपटत होती. सगळ्यांचे किल्ट झोपाळ्यासारखे झुलत होते. मधोमध एकच किल्ट कपाटासारखा ताठ.

"मक्रे!" सार्जंट मेजर गरजले. त्यांच्या आवाजानं नदीवरचे बगळे उडाले. "चालतोयस की सरकतोयस?"

"चूक माझी आहे," इशबेल धापा टाकत म्हणाली. "कच्चे टाके राहिलेत."

सार्जंट मेजरनी सगळ्यांना थांबवलं. तिच्याकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं. "बॅगपाइप सुरात लागेपर्यंत वेळ देतो."

म्हणजे भरपूर वेळ होता.

ती मागं गुडघ्यांवर बसली. "घालून का नाही बघितलास?"

"तू नव्हतीस." नजर समोर, हात सरळ. "तू टाके विसरत नाहीस, इशबेल."

"आणि माझे टाके तुटतही नाहीत. ब्लेड कुठं ठेवतोस?"

त्याचे कान लाल होत गेले. "पहिल्यापासून माहीत होतं?"

"पट्टा खरा तुटला होता. पुढचं सगळं तुझं कर्तृत्व."

"मग बोलली का नाहीस?"

"गिऱ्हाईक तुटलं असतं... वळू नकोस, चुण्या हलतात!"

तो वळला नाही. समोर बघतच, पलटणीला शोभेल अशा आवाजात म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे!"

समोर सार्जंट मेजर उभे होते.

"हे मला नव्हे ना, कॉर्पोरल?"

"नाही, सर!"

"मग ठीक."

पलटण खोकली. इशबेलनं शेवटचा दोरा ओढला. चुण्या एकदम मोकळ्या झाल्या, पंख झटकल्यासारख्या. ती उठली आणि त्याच्या लाल कानाशी हळूच म्हणाली, "माझंही. सहा महिन्यांनी ये... किल्ट धड असला तरी चालेल."

पाइप सुरात लागले. पलटण हलली, आणि मक्रेचा किल्ट सगळ्यांत जास्त झुलला. इशबेल पावसात भिजत, हसत, डोळे पुसत उभी राहिली.

सार्जंट मेजर मात्र क्षणभर मागं रेंगाळले. इकडेतिकडे पाहून तिच्याकडे झुकले.

"पोरी, सोमवारच्या आत... माझ्या किल्टचा कमरेचा पट्टा दोन बोटं सैल करून देशील?"