वळणाआधी हाक द्या

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नणंदेनं गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढायच्या आधीच वहिनीच्या बुटांकडे पाहिलं.

"नाड्या सोड आणि पुन्हा बांध. घोट्याशी घट्ट, बोटांपाशी सैल. नाहीतर उतरताना नखं जातील."

वहिनीनं नाड्या सोडल्या. चौदा महिन्यांत नणंद तिच्याशी सलग एवढं पहिल्यांदाच बोलत होती.

वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. मिलिमीटरच्या दहाव्या भागाशी तिचा रोजचा व्यवहार. नणंद डोंगरातली वाटाडी. लोकांना कड्यांवरून नेऊन सुखरूप परत आणणं हे तिचं पोटापाण्याचं काम. दोघींना जोडणारा माणूस एकच होता. एकीचा नवरा, दुसरीचा दादा. चौदा महिन्यांपूर्वी तो याच डोंगरावर एका वळणापलीकडे गेला आणि परत आला नाही.

दरीत शोध झाला. बूट नाही, टोपी नाही, काहीच नाही. बचाव पथकाच्या अहवालात एक ओळ होती : 'सोबतच्या महिलेला चक्कर आल्याने ती वळणाच्या अलीकडे थांबली.' घरच्यांनी ती ओळ पाठ केली. सासूबाई जेवताना वहिनीकडे पाठ करून बसायला लागल्या. नणंद एकदाच बोलली, "तू पुढे गेली असतीस तर तो हाताला लागला असता."

वहिनीचं म्हणणं वेगळं होतं. ती थांबली, कारण नवऱ्यानं वळणापलीकडून 'थांब' म्हटलं. अडीच तास म्हणत होता.

हे कुणाला पटलं नाही. बाई उंचीला भिते हे लग्नाआधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. बल्ब बदलायला खुर्चीवर चढायचं तरी ती नवऱ्याला हाक मारायची. म्हणून तिनं ती भीतीच मोडायला घेतली. आधी जिन्याचा कठडा, मग गच्ची, मग चढाईच्या सरावाची भिंत, आठवड्यातून तीनदा. आणि गेल्या रविवारी ती नणंदेला म्हणाली, "मला त्या वळणापर्यंत ने. मी पार करून दाखवते. मग घरात सगळ्यांसमोर सांग, ही घाबरून थांबली नव्हती म्हणून."

"पार केलंस तर सांगेन," नणंद म्हणाली होती. "नाही केलंस तर त्या आवाजाचं पुन्हा नाव काढायचं नाही. कधीच."

पहिले दोन तास झाडीतून चढ होता. मग झाडं संपली, मुरमाड उतार लागला, आणि त्याच्या टोकाशी कडा. कड्याच्या पोटात वाट कोरलेली. रुंदी दोन पावलं, काही ठिकाणी एकच. उजवीकडे खडक, डावीकडे काही नाही. खडकात छातीच्या उंचीवर पोलादी दोर, दर तीन मीटरला बोल्टनं जखडलेला. साठेक मीटरवर खडक फुगून बाहेर आला होता आणि वाट त्याला वळसा घालून दिसेनाशी होत होती. तिथे दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच पत्र्याची पाटी होती : 'वळणाआधी हाक द्या. उत्तर आल्यास थांबा.'

ऊन अजून इकडे वळलं नव्हतं. खडक ओलसर, गार होता. वारा दरीतून वर येत होता.

"दोन हूक," नणंद कमरपट्ट्याचे हूक दोरात अडकवत म्हणाली. "एक पुढच्या टप्प्यात अडकल्याशिवाय दुसरा काढायचा नाही."

"माहीत आहे."

"माहीत सगळ्यांनाच असतं. खडकाला मिठी मारू नकोस, पाय सुटतात. वजन पायांवर. नजर पुढच्या पावलावर. दरी बघायची हौस आलीच तर थांबून बघ, चालता चालता नको."

"आणि श्वास?"

"तो घेत राहा म्हणजे झालं."

नणंद पुढे, वहिनी मागे. प्रत्येक बोल्टपाशी हूक पलीकडे जायचा, टक्, मग दुसरा, टक्. अकराव्या बोल्टपाशी वहिनी मुद्दाम थांबली आणि तिनं डावीकडे खाली पाहिलं. खाली दरी होती. नदीचा दोऱ्याएवढा पट्टा होता. बाकी काही नव्हतं.

"झालं का दर्शन?" नणंद न वळता म्हणाली.

वळणाच्या अलीकडे खडकात एक माणूस बसेल एवढी खोबण होती. मागच्या वर्षी वहिनी इथेच बसली होती. नणंद खोबणीपाशी उभी राहिली, तिनं मान वर केली आणि हाक दिली.

"येतेय!"

वारा. खाली कुठेतरी एक दगड सुटला, बराच वेळ पडत राहिला.

"ऐकू आलं काही?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"मला पण नाही."

"आता मी देते हाक."

"दे की. तुझाच तर कार्यक्रम आहे."

वहिनीनं छाती भरून श्वास घेतला. "येतेय!"

"थांब."

आवाज वळणापलीकडून, तीन-चार मीटरवरून आला. मोठा नव्हता. हातातल्या कामावरून नजर न काढता माणूस सांगतो, तसा.

नणंदेचा हात दोरावर होता. तो तिथेच राहिला, फक्त बोटांची पेरं पांढरी झाली.

"प्रतिध्वनी आहे," ती म्हणाली.

"मी 'येतेय' म्हणाले."

नणंद अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय का हे पाहावं तशी म्हणाली, "दादा?"

"थांब."

तीच पट्टी, तेवढीच लांबी. मागच्या वर्षी भीतीपोटी जे वहिनीच्या ध्यानात आलं नव्हतं ते आता आलं. चौदा महिन्यांत तो आवाज तसूभरही बदलला नव्हता. तो थकला नव्हता, त्याला बहिणीला ओळखून आनंदही झाला नव्हता. आणि वारा एवढा असून त्या आवाजाला वारा लागत नव्हता. बंद खोलीत कुणी बोलावं तसा तो कोरडा होता.

"चिमे, नको," वहिनी म्हणाली. घरात नणंदेला सगळे चिमी म्हणत. "परत फिरू."

"तो वर्षभर इथे आहे आणि तू..." नणंदेनं वाक्य सोडून दिलं. "तू बस इथे. तुला तेवढं छान जमतं."

"उत्तर आलं तर थांबायचं. पाटीवरच लिहिलंय."

"समोरून माणूस येत असेल तर."

"मग येऊ दे की त्याला. तो येत का नाही?"

नणंदेनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत नुसता राग होता, जुना आणि जपून ठेवलेला. मग ती वळली.

टक्. टक्.

पाठीवरची लाल पिशवी खडकाआड गेली. मग कोपर. वहिनीनं तळहात दोरावर ठेवला. नणंदेच्या प्रत्येक पावलाला दोर थरथरत होता. तिनं एक टप्पा बदलला, दुसरा, तिसरा.

मग दोर स्थिर झाला.

वहिनीनं शंभर आकडे मोजले.

"चिमे?"

"थांब, वहिनी."

नणंदेचाच आवाज होता. त्याला वारा लागत नव्हता.

वहिनीनं स्वतःला तपासलं. पाय स्थिर. हात कोरडे. डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ. चक्कर नाही. ती वळण पार करू शकत होती, आत्ता, सहज. एवढं तिनं वर्षभरात कमावलं होतं.

तिनं एक हूक काढला आणि पुढच्या टप्प्यात अडकवला.

"थांब," दोघं म्हणाले. एकदम.

तिनं हूक मागे घेतला आणि फोन काढला.

बचाव पथक एक वाजून चाळीस मिनिटांनी आलं. पाच जण. पथकप्रमुख मागच्या वर्षीचाच होता, उंच, पाठीत जरासा वाकलेला.

"तुम्हीच का पुन्हा," तो म्हणाला. ते विचारणं नव्हतं.

नेमकी जागा दाखवायला ती हवी होती. त्यानं आपल्या दोरीचं टोक तिच्या कमरेला बांधलं, माणसांना वीस मीटर मागे थांबवलं आणि खोबणीपाशी जाऊन हाक दिली.

"येतोय!"

"थांबा," नवऱ्याचा आवाज आला.

"थांबा," नणंदेचा आला.

वहिनीला वाटलं, संपलं. पण पथकप्रमुखानं मान तिरकी केली, अजून काही ऐकू येत असल्यासारखी. मग एक पाऊल मागे घेतलं. त्यानं वळून पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. तो तिच्या डोळ्यांकडे पाहत नव्हता, ओठांकडे पाहत होता.

"मागे फिरा," तो माणसांना म्हणाला. "वारा वाढलाय."

वारा केव्हाच पडला होता.

चार वाजता ती आणि पथकप्रमुख अशी दोघं पथकाच्या चौकीत, टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसली होती. भिंतीवर खुंट्यांना दोरखंड टांगले होते, त्यांना ओलसर वास येत होता. तो लिहीत होता. वहिनीला उलटी अक्षरं वाचायची सवय होती, काचांवरच्या खुणा ती रोज तशाच वाचायची. 'सोबतच्या महिलेला चक्कर आल्याने...'

"मला चक्कर आली नव्हती."

"माहीत आहे."

"मागच्या वेळीही माहीत होतं?"

पेन थांबलं.

"तुमच्या त्या ओळीमुळे ती आज तिथे गेली," वहिनी म्हणाली. "माझं खोटं पकडायला."

"आवाज आला असं लिहिलं, की पलीकडे कुणीतरी जिवंत आहे असं धरतात." तो खालच्या मानेनं बोलत होता. "मग पलीकडे माणसं पाठवावी लागतात. तुमच्या आधी एकदा पाठवली होती. दोन होती." त्यानं कागद तिच्याकडे फिरवला. "चक्कर लिहिलं की शोध दरीत होतो. दरीतून सगळे परत येतात. सही इथे."

"आणि नाही केली तर?"

"तर उद्या सकाळी सहा जण जातील. बाहेर गाडी धुतोय ना, त्याचा पहिला नंबर आहे."

बाहेर पाण्याचा आवाज येत होता. कुणीतरी शीळ घालत होतं.

वहिनीला घर दिसलं. ही ओळ आता दुसऱ्यांदा वाचली जाणार होती, आणि सासूबाई पाठ करून बसणार होत्या, या वेळी मुलीसाठीही. तिचं खरं होतं हे सांगू शकणारं एकच माणूस होतं आणि ते वळणापलीकडे होतं. समोर बसलेला तर सांगणारच नव्हता.

तिनं सही केली. अक्षर जराही हललं नाही.

त्यानं कागद ओढून घेतला, घडी न घालता फायलीत ठेवला आणि फाईल बंद केली. मग विचारलं, "वळणावर तुम्हाला किती आवाज आले?"

"दोन. ह्यांचा आणि चिमीचा."

"मला तीन आले. तुम्ही माझ्या मागेच होतात. सगळा वेळ."

"तुमचीच दोरी होती माझ्या कमरेला."

"बोलला नाहीत काही."

"नाही."

त्यानं मान हलवली. उठून दार उघडलं. खोली चांगली रुंद होती, दारातून दोन माणसं शेजारी शेजारी गेली असती. तरी तो बाजूला झाला, पाठ भिंतीला पूर्ण टेकवून, पोट आत ओढून उभा राहिला, आणि वहिनी त्याच्यासमोरून बाहेर पडेपर्यंत त्यानं श्वास सोडला नाही.