अर्धशिशीचा पहिला घाणा

इस्लामपुरात स्टँडाच्या मागं हरिबाचं हॉटेल होतं आणि हरिबाच्या जिलेबीचा पहिला घाणा गिऱ्हाइकांचा नसे, तो डोकेदुखीवाल्यांचा असे. सूर्य उगवायच्या आत पूर्वेकडं तोंड करायचं आणि गरम दुधाबरोबर जिलेबी खायची. सलग सात दिवस असं केलं की अर्धशिशी शेपूट घालून पळते, असं त्या भागातल्या जुन्या बायकांचं ठाम मत. अट एकच. खाताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. बोललं की मोजणी पहिल्यापासून.

नाथाजी पाटलांच्या राहीला जिलेबी चालत होती, दूध चालत होतं, पहाटेची थंडीसुद्धा चालत होती. पण गप्प बसायचं म्हणजे... म्हणून तर तिच्यावर पहारा ठेवायला रंगूआत्या बरोबर आली होती. भट्टीजवळ ऊब धरून बसल्याबरोबर आत्याचे डोळे मिटले.

समोरच्या बाकावर एक तरुण बसला होता. गळ्यात मफलर, बोटांना रंगाचे डाग, आणि डावा हात डाव्या कानशिलावर घट्ट दाबलेला. राहीचा उजवा हात उजव्या कानशिलावर होता. दोघांनी एकमेकांचे हात पाहिले. मग डोळे पाहिले. आणि राहीला, डोकं ठणकत असतानाही, पदराआड हसू आलं.

त्यानं बोट पाकात बुडवलं आणि टेबलावर एक रेघ ओढली. सरळ नव्हे, कोनाकोनांची, वर चढत कमानीसारखी वळलेली. राहीच्या हातातली जिलेबी हातातच राहिली.

ती तिची रेघ होती! डोकं धरायच्या आधी डोळ्यांपुढं अशीच लखलखती, थरथरती रेघ यायची आणि तिच्या मागचं सगळं गडप व्हायचं. माणसाचा अर्धा चेहरासुद्धा. लहानपणी एकदा तिनं आईला सांगितलं, तर शालूबाईंनी तिच्या तोंडावर हातच ठेवला होता. "कुनाला सांगू नगंस बाई. भायेरचं हाय म्हनत्याल." तेव्हापासून राही धरून चालली होती की जगात हे आपल्या एकटीलाच दिसतं.

"हे... हे तुमाला कुठं दिसलं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आत्याचे डोळे खाडकन उघडले. "बोललीस! झालं! आता उद्यापास्नं पुन्यांदा पयला दिस!"

"चूक माझी हाय, आत्या," तो तरुण म्हणाला. "आता मीबी बोललो. माझाबी उद्या पयला दिवस."

"आन् तुमी कोन म्हनायचं?"

"मानसिंग. गाव औंध. इथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवतो."

दुसऱ्या दिवशी राही आत्याच्या आधी उठली. शालूबाईंना वाटलं, पोरीला उतार पडायला लागला.

मग रोज तेच होऊ लागलं. आत्या पेंगली की पाकाची रेघ, रेघेवरून कुजबुज, कुजबुजीवरून हसू, आणि हसू ऐकून आत्या जागी. मोजणी काही पहिल्या दिवसाच्या पुढं सरकेना. हरिबा झाऱ्यावरून जिलेब्या निथळत मिशीत हसायचा.

"मला तर अजिंक्यताऱ्याचा तट दिसतो," मानसिंग सांगायचा. "बुरुजामागनं बुरूज, आन् सगळ्यांवर दिवाळी."

"मला वाटायचं, माजंच डोस्कं फिरलंय."

"फिरलं असंल तर दोघांचं फिरलंय. तुमची उजवी बाजू दुखती, माझी डावी. मिळून एक धड डोकं व्हतंय की!"

"आन् उरल्याल्या दोन अर्ध्यांचं काय?"

"ती दुखू द्यात एकमेकांच्या सोबतीनं," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन कानापर्यंत लाल झाला. राहीनं घाईघाईनं दूध प्यायलं आणि जीभ पोळून घेतली.

एकदा त्यानं विचारलं, "जास्त कवा दुखतं?"

"सोमवारी."

"सोमवारीच? वार बघून?"

"सोळा सोमवार धरल्यात मी. निर्जळी उपास असतो."

"कशापायी?"

राहीनं जिलेबीचा एक वेढा मोडला, पुन्हा जोडून पाहिला. "चांगला नवरा मिळावा म्हनून..."

मानसिंगला दुधाचा ठसका लागला. "म्हंजे नवऱ्यासाठी उपास, उपासानं डोकं, आन् डोकं धरून बसलेली पोरगी बघून नवरा पळतो! आणखी एक सांगू? सलग सात दिवस जिलेबी म्हटलं की मधी एक सोमवार येणारच. त्या दिवशी तुमाला जिलेबी चालत न्हाई. मग हे सात दिवस पुरं व्हायचं कवा?"

हे आजवर घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं! पण राहीला हसू आलं नाही, रागच आला. "हसताय तुमी? दोन स्थळं आली. दोन्ही बारीला सोमवार चांगला म्हनून सोमवारीच बोलावली. एकदा मी पावन्यांम्होरं वकले. एकदा भित्तीला धरून हुबी ऱ्हायले. पोरगी धड न्हाई म्हनून गेली ती मानसं. आई अजून रडतीया."

मानसिंगचं हसू तिथंच विरलं. "चुकलो," तो म्हणाला. "पण उपासाचं खोटं न्हाई सांगत. सांगलीच्या डॉक्टरनी मला पयलं हेच सांगितलं, उपाशी ऱ्हायचं न्हाई. माझ्या खिशात गोळी असती. रेघ दिसली की लगेच घ्यायची. भेटलो त्या दिवशी गोळ्या संपल्या व्हत्या, म्हणून घरमालकिणीनं हिकडं धाडलं."

"मग आता गोळ्या हायत न्हवं? रोज जिलेबी कशाला खाताय?"

मानसिंगनं पेल्यात पाहिलं. टेबलावरच्या रेघेकडं पाहिलं. "त्याचं असं हाय, राही..."

"मास्तर, दूध निवलं!" हरिबा भट्टीवरून ओरडला. आत्या जागी झाली आणि वाक्य तिथंच राहिलं. राही ते अर्धं वाक्य घेऊन घरी आली आणि दिवसभर त्याचा उरलेला भाग तऱ्हेतऱ्हेनं पुरा करत बसली.

त्याच आठवड्यात तिसरं स्थळ आलं, कवठे महांकाळचं. मुलगा सोसायटीत सेक्रेटरी. दिवस ठरला सोमवारच. "उपास कडक कर," शालूबाईंनी बजावलं, "आन् अर्धशिशीचं नाव काडशील तर माजं मेल्यालं त्वांड बघशील."

सोमवारी पहाटे राही हरिबाच्या हॉटेलात गेली. "महादेवा, पोटात घे," असं मनात म्हणाली आणि दोन जिलेब्या खाल्ल्या. समोरचा बाक रिकामा होता. पाहुणे यायचे आहेत हे आत्यानं आदल्या दिवशी मास्तरला सांगितलं होतं. आलाच नाही तो. जिलेबी आज पांचट कशी लागली, याचं राहीला मोठं नवल वाटलं.

दुपारी पाहुणे आले आणि राहीचं डोकं दुखलं नाही! ती ताठ चालत आली, विचारलं तेवढं बोलली. सेक्रेटरीचे वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोरगी पसंत हाय. सुपारी फोडू या."

शालूबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी ऊन पडलं. राहीनं मात्र तबकातल्या सुपारीकडं पाहिलं. ज्यानं उपाय सांगितला, त्याच्या उपायानंच आपण दुसऱ्याच्या घरात निघालो! आणि तिथं आयुष्यभर रेघ लपवायची, ठणका लपवायचा, तोंडावर हात ठेवून जगायचं...

"येक सांगायचं ऱ्हायलं," राही म्हणाली. "मला अर्धशिशी हाय. आज न्हाई, पन असती. उलटी व्हती, उजेड सोसत न्हाई. उद्या कळन्यापरीस आजच कळल्यालं बरं."

पाहुण्यांना एकदम गाडीची वेळ आठवली. सुपारी पानातच राहिली.

शालूबाई पदरात तोंड घालून रडल्या. नाथाजी कमी बोलणारा माणूस. त्यांनी पोरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलली. उद्या सांगलीला डॉक्टरकडं जाऊ."

सांगलीचे डॉक्टर म्हातारे होते. राहीनं टेबलावर बोटानं रेघ काढून दाखवली, तशी त्यांनी मान डोलावली. "हे खूळ नाही आणि बाहेरचंही नाही. खरं दुखणं आहे. मुळासकट जाईल असं सांगत नाही, पण वेसण नक्की घालता येते. रेघ दिसली की लगेच ही गोळी घ्यायची, ठणका सुरू व्हायची वाट बघायची नाही. मग अंधारात गार पट्टी ठेवून पडायचं. पण ऊठसूट गोळ्या खायच्या नाहीत, त्यानंही डोकं धरतं. दुखणं वरचेवर यायला लागलं तर रोज घ्यायचं वेगळं औषध देईन. उपास, जागरण आणि ऊन सांभाळायचं."

"आन् जिलेबी?" राहीनं विचारलं.

"जिलेबीत औषध नाही. सकाळी पोटात काहीतरी पडतं, तेवढाच तिचा गुण." डॉक्टर शालूबाईंकडं वळले. "हे घराण्यात असतं पुष्कळदा. घरात आणखी कोणाला आहे?"

शालूबाईंनी बांगड्या चाळवल्या. "मला व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "लगीन व्हऊन आल्यावर चुलीम्होरं त्या रेघा दिसायच्या. आईनं सांगितलं व्हतं, बोलू नगंस. म्या न्हाई बोलले." नाथाजी बायकोकडं पाहतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना आज कळत होतं.

परतताना एस.टी.त शालूबाईंनी राहीचं डोकं खांद्यावर घेतलं आणि उसासा टाकला. "आता तुला कोन करनार गं बाई?"

"हाय की येक," मागच्या बाकावरून रंगूआत्या म्हणाली. "रोज पाटंचं हरिबाकडं बसतोय. औंधचा मास्तर."

राही दचकली. "आत्या, तू तर झोपलेली आसतीस!"

"डोळं मिटलं म्हंजे कान मिटत्यात व्हय? मोजनी पुरी झाली आसती तर तुजं येनं बंद झालं आसतं. म्हनून तर बरूबर येळंला जागी व्हत हुते!"

निरोप गेला आणि मानसिंग आपल्या आईला, भामाबाईंना, घेऊन आला. दिवस सोमवार नव्हता, उपासही नव्हता. पण आदल्या रात्री राहीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. व्हायचं तेच झालं. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली आणि डोळ्यांपुढं बुरूज चमकू लागले. मानसिंगचा अर्धा चेहरा गडप झाला. टेबलाच्या भलत्याच कडेला निघालेला ट्रे त्यानं उठून धरला.

"रेघा?"

तिनं मान हलवली. सगळे शालूबाईंकडं पाहू लागले. शालूबाईंचा हात तोंडाकडं गेला... आणि खाली आला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पोरीला अर्धशिशी हाय. मला बी हुती. पसंत नसंल तर आत्ताच सांगा."

भामाबाई उठल्या. राहीला वाटलं, चालल्या! त्या गेल्या त्या खिडकीकडं. "आदी खिडक्या लावा! ह्याच्या डोस्क्यापायी निम्मा जलम आंधारात काडलाय म्या. गोळी कुठं हाय पोरीची? फडकं भिजवा कुनीतरी."

आणि मग इस्लामपुरात कधी झाला नव्हता असा मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. दारं-खिडक्या बंद, चहा निवलेला, कपाळावर गार पट्टी ठेवून राही भिंतीला टेकलेली आणि पाहुणे अंधारात चिडीचूप. आत्यानं कोपऱ्यातून हुकूम सोडला, "आता कुनी बोलायचं न्हाई."

गोळीनं हळूहळू काम केलं. बुरूज विरले. ठणका आला, पण दबकत आला. राहीनं डोळे किलकिले केले तर समोर, अंधारात, मानसिंगचा अख्खा चेहरा.

"राही," तो अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशीचं वाक्य ऱ्हायलंय माझं. जिलेबी मी तुझ्यासाठी खात व्हतो... मला तर कधीची पसंत हाय. तुला मी पसंत हाय का?"

हे मुलीला कुणी विचारत नसतं. नाथाजींनी खाकरून घसा साफ केला.

"व्हय," राही म्हणाली. "लय."

"बोलली!" आत्या अंधारातून ओरडली. "झालं! आता उद्यापास्नं पुन्यांदा पयला दिस!"

सगळं घर हसलं. हसल्यानं डोकं ठणकत होतं, तरी राही हसतच राहिली.