भीमराजला न ऐकू येणारा भोंगा

राजूरच्या खाणकामगार वस्तीतली पहिली कॉम्प्युटर इंजिनीअर म्हणजे पायल. बाप भीमराज कोळशाच्या खुल्या खाणीत तळाशी पंप चालवायचा, आणि आपली पोरगी यवतमाळच्या ऑफिसात साऱ्या मशिनी सांभाळते हे टपरीवर रोज कोणाला तरी ऐकवायचा. का नाही ऐकवणार?

त्याच्या कानांचं मात्र भलतंच झालं होतं. मध्यंतरी पाय मुरगळला म्हणून त्याला वरच्या केबिनीत, सुरुंगाआधी माणसांना वर बोलावणारा भोंगा वाजवायला बसवलं होतं. आवाज सोसेना, तेव्हा त्यानं कॉम्प्युटरवर तो शून्यावर आणला. तरीही भोंगा वाजला, सगळ्यांनी ऐकला. फक्त भीमराजला ऐकू आला नाही, आणि पुन्हा कधीच आला नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. पायलची कुजबुजसुद्धा त्याला ऐकू यायची.

आज तो परत खाली पंपावर गेला होता, आणि दुपारी सुरुंग लागणार होता. पायल सुट्टी टाकून केबिनीत आली. भोंग्यावरच्या नेमसिंगकाकांनी खाणीच्या साहेबांकडून तिच्यासाठी नवं लॉगिन मागून ठेवलं होतं.

दुखणं तिनं लगेच हुडकलं. पोरगी हुशारच.

"काका, प्रोग्राम जुना हाये. साध्या माणसाले मशीनची मुख्य नोंद बदलायचा हक्क नसते. पण मशीन त्याले नाही म्हणत नाही. त्याच्या नावाची वेगळी नक्कल करून तिच्यात बदल ठेवते. त्याले वाटते सगळ्यांसाठी बदललं. दिसते फक्त त्यालेच."

"म्हणजे भीमराजनं बंद केलेला भोंगा..."

"फक्त बाबासाठी बंद हाये."

"पण हे मशीनच्या आत झालं, बेटी. कान तर बाहेर हायेत."

पायलनं कीबोर्ड पुढं ओढला.

तिनं सगळ्यांसाठीचा आवाज पूर्ण केला. ऑफिसात करते तसंच, आपल्या नावानं. तिथं तिच्या नावाला सगळे हक्क होते. मशीननं कुरकुर केली नाही. बदल झाला, म्हणालं.

काकांनी भोंगा वाजवला. माणसं वर येऊ लागली. त्यांत बाबा होते, जरासे लंगडत. ते सरळ केबिनीत आले आणि खुर्चीवर टेकले.

"साफ ऐकू आला वं. माह्या पोरीनं केलं."

पायलचा ऊर भरून आला. एवढा अभिमान तिला डिग्री घेतानाही वाटला नव्हता.

काका खिडकीतून खाली पाहत वॉकीटॉकीवर सुरुंगवाल्यांशी बोलत होते. "थांबा. भीमराज वर नाही आला."

"काका, हे काय, बाबा इथंच हायेत," ती हसली.

"कुठी?"

त्यांनी वळून खुर्चीकडेच पाहिलं.

पायलची नजर स्क्रीनवर गेली. कोपऱ्यात तिचं नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं, साधा वापरकर्ता.

"थांबा म्हणलं ना," काका वॉकीटॉकीवर म्हणाले.

खालून धडाका आला, खिडकीची काच थरथरली.

काकांनी हात मागं नेऊन खुर्ची चाचपली, आणि बाबा बसले होते तिथंच बसले.