बाईसाहेब हात ओळखतात

दिवा जरा इकडे सरकवा आणि बसा निवांत. घाबरण्यासारखं काही नाही, निदान सुरुवातीला तरी मुळीच नव्हतं. लग्न करून त्या घरात गेले तेव्हा माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते कोळंबी वितळवण्याचं. फ्रीजमधून एक काढायची, वाटीभर पाण्यात ठेवायची, मऊ झाली की नखाएवढे तुकडे करायचे. आमच्या जेवणासाठी नाही, बाईसाहेबांसाठी.

बाईसाहेब म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी तो असतो प्राणी. हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी होती, तिच्यात एका खडकाला पाय रोवून त्या बसलेल्या असत, ताटाएवढ्या पसरलेल्या, गुलाबी टोकांची शेकडो बोटं पाण्यात हलवत. त्यांचे नखरे ऐकाल तर थक्क व्हाल. पाणी इतकंच खारट हवं, इतकंच कोमट हवं, दिवा एवढाच प्रखर, आणि प्रवाह असा की बोटं डोलली पाहिजेत पण ओढली जाता कामा नयेत. जरा काही बिनसलं की मिटून मुठीएवढ्या व्हायच्या, आणि घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. कारण समुद्रफूल एकटं मरत नाही. त्याचं विष भिनतं आणि सगळी टाकी नासते.

टाकी माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. ती आजारपणात गेली. जाताना मुलीला सांगून गेली होती की बाईसाहेबांना मरू देऊ नकोस. नवरा टाकीला हात लावत नसे. "माझा हात घेत नाहीत त्या," एवढंच म्हणायचा आणि कामावर निघून जायचा, तो दिवेलागणीनंतर परतायचा. म्हणजे लग्न एकाशी आणि सवती दोन, एक भिंतीवरच्या फोटोत आणि एक काचेत. फोटोतली बाई तान्ह्या मुलीला छातीशी धरून हसत होती. तिच्या उजव्या करंगळीच्या मुळाशी एक ठसठशीत तीळ होता.

मुलगी आठ-नऊ वर्षांची. नाकावरून तिला सगळे बटण म्हणत. ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नसे. "ऐकलं का" म्हणायची, जुन्या काळच्या बायका नवऱ्याला म्हणायच्या तसं. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. सरळ सांगते, मला मूल होणार नव्हतं. ते ठाऊक असूनच मी या लग्नाला हो म्हटलं होतं. मला ती मुलगी हवी होती.

मी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून तुकडे भरवायला गेले. बाईसाहेबांनी चटकन अंग चोरलं. बटण स्टुलावर बसून बघत होती.

"आई कधीच हातमोजे घालायची नाही."

तोवरचं तिचं माझ्याशी सगळ्यात मोठं वाक्य होतं ते. मी लगेच हातमोजे काढले आणि बाही वर ओढली.

"अशी नाही. आई एकेक घडी घालायची. चुरगळायची नाही."

मी एकेक घडी घातली. तिची नजर माझ्या उजव्या अंगठ्याखाली गेली. तिथे इस्त्रीने भाजल्याचा चट्टा आहे... होता. लहानपणीचा. मी मोठी झाल्यावरही माझी आई माझा हात हातात घेतला की बोलता बोलता त्या चट्ट्यावरून बोट फिरवत राहायची.

"हा आईला नव्हता," बटण म्हणाली.

मी हात पाण्यात घातला. बाईसाहेबांची बोटं मनगटाच्या आतल्या मऊ कातडीला लागली आणि विंचवासारखा चटका बसला. मी किंचाळलेच. बटण मात्र शांत होती. तिने टाकीतल्या दोन नारिंगी माशांकडे बोट दाखवलं. बाईसाहेबांच्या बोटांत ते खुशाल लोळत होते.

"हा लहान नवीन आणलाय. त्यालापण आधी चटके बसले. मग त्याने रोज थोडं थोडं अंग लावलं. आधी शेपटी, मग पोट. आता बाईसाहेबांना वाटतं, तो त्यांचाच आहे."

"आणि हा मोठा?"

"ती मोठी. ती आधी लहान होती, आणि नर होती. पहिली मोठी मेली ना, आई गेली तेव्हाच... मग ही वाढली आणि तिच्या जागी आली. मासे असं करतात. जागा रिकामी ठेवत नाहीत."

एवढ्याशा पोरीच्या तोंडी ते बोलणं ऐकून मला गंमत वाटली. रोज थोडं थोडं, मी मनात म्हटलं. जमेल की.

आणि जमलं. आधी बोटाची टोकं, मग पंजा. चटके सौम्य होत गेले, मग नुसती चिकट गुदगुली राहिली, बोट दुधाच्या सायीत बुडवावं तशी. माझा हात पाण्यात शिरला की बाईसाहेब पसरायच्या. बटण स्टूल सोडून माझ्या कुशीला येऊन टेकायची. उडून कमी झालेलं पाणी गोड्या पाण्याने भरायचं, खारं घातलं तर मीठ वाढतं, हे तिनेच मला शिकवलं. तिच्या केसांना त्या हॉलसारखाच वास यायचा, खारट, ओलसर. मी सुखात होते हो. इतकी सुखात मी कधीच नव्हते.

एकदा सकाळी शाळेची घाई होती म्हणून मी तिची वेणी घातली. मला साधी तीनपेडीच येते. घालून झाली तेव्हा नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता, कप तसाच भरलेला.

"ही वेणी कुठे शिकलीस?"

मी बघितलं तर पाच पेडांची वेणी होती, दोरीसारखी घट्ट विणलेली. माझं लक्ष नव्हतं, मी तर तिच्या डब्याचा विचार करत होते. हातांनी आपलं काम केलं होतं... म्हणजे, एका हाताने. डावा नुसता धरून होता. मी काहीतरी हसून सांगितलं. नवरा हसला नाही.

मग एकदा वीज गेली. संध्याकाळची वेळ होती, पडदे ओढलेले होते. टाकीचा पंप दिवसरात्र घुमायचा आणि कानाला त्याची इतकी सवय झाली होती, की तो थांबला तेव्हा घराने श्वास रोखून धरल्यासारखं वाटलं. पाणी हलतं ठेवायला हवं होतं, नाहीतर आतली सगळी गुदमरतात. बटण बॅटरी शोधायला आत पळाली. मी घाईघाईने बाही सारली आणि काळ्या पाण्यात हात गोल गोल फिरवू लागले.

ढवळता ढवळता माझ्या बोटांत बोटं आली.

मला वाटलं, पोर परत आली आणि मदत करतेय. "हात काढ गं, चटका बसेल," मी म्हटलं. बोटं निघाली नाहीत. माझ्या बोटांमध्ये नीट बसली, एकेका फटीत एकेक, आणि हलकेच आवळली गेली. एका बोटात अंगठी होती. ती मला रुतली.

"बॅटरी सापडत नाहीये..." बटण ओरडली. आतून, स्वयंपाकघरातून.

हात ओढायला गेले, पण ओढवेना. कुणी अडवत नव्हतं, हातच यायला तयार नव्हता. मग वीज आली आणि पंप घुमू लागला. बाईसाहेब आपला खडक सोडून काचेच्या कडेला आल्या होत्या आणि माझ्या मनगटापर्यंत गुंडाळल्या होत्या. अंगठी कुठेच नव्हती. माझ्या बोटाच्या बाजूला तिचा वळ तेवढा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा हातमोजे घातले. बाईसाहेब मिटल्या. मग फिकट पडल्या, खडकावरची पकड सैल झाली, तोंड आ वासल्यासारखं उघडं राहू लागलं. बटण ताटावरून उठून टाकीपाशी जाऊन बसायची.

"ऐकलं का," एका दुपारी ती म्हणाली. ते शब्द परत आले होते. "त्या मरतायत. तुम्हाला चालेल ना?"

तुम्हाला! मधल्या दिवसांत ती मला तू म्हणू लागली होती. मी काय करणार होते? हातमोजे कचऱ्यात टाकले आणि एकेक घडी घालत बाही वर केली. दोन-चार दिवसांत बाईसाहेब ताटाएवढ्या झाल्या. बटण माझ्या मांडीवर झोपू लागली.

याच सुमारास माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याने तिला आधीच दिसत नव्हतं, आणि आता दुसऱ्यावर पट्टी. दुपारच्या उन्हात वॉर्ड लख्ख उजळला होता, बायका गप्पा मारत होत्या. मी तिच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "आई, मी आलेय."

"ये गं बाई. किती वाट बघायला लावतेस?"

तिने हात पुढे केला. मी माझा उजवा हात तिच्या हातात दिला. सवयीने तिचं बोट अंगठ्याखाली गेलं, तिथे फिरलं... थांबलं. पुन्हा फिरलं. मग तिने सावकाश माझी बोटं चाचपली, करंगळीपर्यंत.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"आई, अगं मीच."

"आवाज तिचाच आहे. पण हा हात कुणाचा? माझी पोर कुठंय?"

तिने हात झटकून टाकला. मी खिडकीच्या उजेडात हात धरून बघितला. चट्टा नव्हता. पुसट झाला नव्हता, नव्हताच. करंगळीच्या मुळाशी तीळ होता. रोज मी याच हाताने पोळ्या लाटत होते, केस विंचरत होते, आणि मला दिसलं नव्हतं. किंवा दिसू दिलं नव्हतं.

"दुसरा हात दे," आई म्हणाली. मी डावा दिला. तिने तो चाचपला, गालाला लावला आणि रडायला लागली. "ही माझी. हीच. मग ती कोण होती गं... तुझ्याबरोबर कुणी आलंय का?"

मी कुणी नाही म्हटलं. निघताना तिने तो डावा हात सोडता सोडला नाही. "याला जप," एवढंच पुटपुटत राहिली.

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. टाकी देऊन टाकायची. पोर रुसेल, रडेल, पुन्हा तुम्ही म्हणेल. म्हणू दे. दार उघडलं तर हॉलमध्ये टाकीचा निळा दिवा तेवढा चालू होता आणि बटण काचेला गाल लावून उभी होती. माझी चाहूल लागताच धावत आली. तिने माझा उजवा हात घेतला, करंगळीशी ओठ टेकले, आणि इतक्या दिवसांत मी ज्याची वाट बघत होते ते म्हणाली.

"आई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीने नाही. ते मात्र मी कबूल करते.

"आई, आजपासून डावा हातपण घाल ना," ती कुजबुजली. "म्हणजे तू सगळीच येशील."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. बाईसाहेब काचेपर्यंत पसरल्या होत्या, एकूणएक बोटं माझ्याकडे वळलेली. तेवढ्यात मला दंडाजवळ काहीतरी हललेलं जाणवलं म्हणून खाली बघितलं. माझा उजवा हात माझी डावी बाही वर सारत होता. घाई नव्हती त्याला. एकेक घडी घालत होता, जराही न चुरगळता.