उजव्या डोळ्याच्या तीन रेषा

मी खोलीत शिरले तेव्हा एक अनोळखी माणूस माझ्या स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढत होता.

चोर म्हणावा तर अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बूट काढून नीट बाजूला ठेवलेले. "सात मिनिटं मागे आहे," तो म्हणाला, जणू मीच त्याला बोलावणं धाडलं होतं. काटा फिरवून त्याने घड्याळ जागेवर टांगलं, खाली उतरून बूट घातले आणि मग विचारलं, "फोटो इथेच काढतात ना?"

इथेच काढतात. त्वचेच्या दवाखान्यात उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो काढायचं काम माझं. अकरा वर्षांत सवय अशी लागली आहे की कुणी समोर आलं की मला आधी कपाळ दिसतं, मग माणूस. सुरकुत्या घालवणाऱ्या सुया टोचतात त्या डॉक्टर मॅडम. त्याआधी फॉर्म भरून घेणं आणि प्रत्येकाला पाच चेहरे करायला लावणं माझ्याकडे. भुवया वर, कपाळाला आठी, डोळे घट्ट मिटून, हसून, आणि शेवटी काहीच न करता. हा शेवटचा सगळ्यांना अवघड जातो.

या घड्याळ लावणाऱ्या पाहुण्यांची मुलगी बाहेर बसली होती. महिन्याभरावर तिचं लग्न होतं आणि वडिलांचं नाव दवाखान्यात तिनेच नोंदवलं होतं. आई हयात नाही, म्हणजे सगळ्या फोटोंत बाबा एकटेच उभे राहणार, तर निदान टवटवीत तरी दिसू देत, असा तिचा हट्ट. पन्नाशीला टेकलेले हे गृहस्थ लेकीच्या शब्दाबाहेर नव्हते.

फोटो काढून मी पडद्यावर पाहिले. डाव्या डोळ्याशी वयाला शोभतील अशा बारीक रेषा. उजव्या डोळ्याशी मात्र तीन चांगल्या खोल, कोरून काढल्यासारख्या.

"उजवीकडेच एवढ्या का?" मी विचारलं.

"त्या डोळ्यानं जरा जास्त हसतो मी," ते म्हणाले... आणि हसून दाखवलं.

खरं तर फॉर्मवर पुढचा रकाना कामाचा होता. रोज काय करता, त्यात चेहऱ्याचा वापर कसा होतो. गाणाऱ्यांना, बासरी वाजवणाऱ्यांना मी हे खोदून खोदून विचारते. त्या दिवशी मी नुसतं 'दुकान' लिहिलं, आणि रेषांच्या कारणापुढे लिहिलं 'हसणं'. त्रेचाळिसाव्या वर्षी एका हसण्यावर भाळून मी कामात चूक केली, याची अजूनही लाज वाटते. थोडीशी.

पंधरा दिवसांनी ते तपासणीला आले. रेषा गेल्या होत्या, चेहरा पाच वर्षांनी तरुण दिसत होता आणि लेक खुशीत होती. मी कॅमेरा उचलला, तर त्यांनी खिशातून एक काळं, नळीसारखं भिंग काढलं, उजव्या डोळ्यावर बसवलं — आणि ते टपकन माझ्या टेबलावर पडलं.

कळायला मला एक क्षण लागला. ते घड्याळं दुरुस्त करायचे. सत्तावीस वर्षं ते भिंग डोळ्याभोवतीच्या स्नायूने पकडून धरत आले होते. त्या तीन रेषा त्या पकडीच्या होत्या, आणि आम्ही तो स्नायूच झोपवून ठेवला होता.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"मी सांगायला हवं होतं. पण तुम्ही एवढ्या निरखून बघत होतात की मला... जरा भाव खावासा वाटला."

मॅडमनी मला आत बोलावून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. यावर उतारा नव्हता. तीन-चार महिन्यांत औषधाचा असर ओसरतो आणि स्नायू आपोआप जागा होतो, तोवर दर पंधरवड्याला फोटो काढून फायलीला लावायचा, एवढंच हातात होतं. त्यांना दुकान बंद ठेवून यायला लागू नये म्हणून मीच जाते, असं मी सुचवलं. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि फाईल पुढे सरकवली.

दुकान जेमतेम दोन हात रुंद. आत दिव्याखाली पांढरा कागद, पाकिटांत घातलेली घड्याळं, तेलाचा मंद वास, आणि चारी बाजूंनी टिकटिक. ते डोक्याला तारेची पट्टी लावून भिंग अडकवत, ती घसरे, मान अवघडे, आणि कामं तुंबत चालली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते बायकांच्या मनगटावरचं एक इवलंसं घड्याळ उघडून बसले होते. पट्टी तिसऱ्यांदा घसरली तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, "दोन मिनिटं धराल का?"

मी धरलं. दोन बोटांत भिंग, करंगळीला त्यांची भुवई लागलेली. मी श्वास रोखून उभी राहिले.

"श्वास घ्या हो," ते पुटपुटले. "माझे केस उडाले तरी चालेल, स्प्रिंग उडायला नको."

दोन मिनिटांचा तास झाला. पुढे पंधरवडा बाजूला पडला आणि मी दर शनिवारी जायला लागले. मुलीचं लग्न झालं, तिचे फोटो मला दाखवून झाले. फोटोवाल्याने आपलं नाक फार मोठं काढलंय, अशी त्यांची तक्रार होती. तुम्ही असतात तर नीट आले असते म्हणाले. बोलावलं नाहीत, मी म्हटलं. त्यावर ते बराच वेळ एक स्क्रू शोधत राहिले.

"हिंमत झाली नाही," शेवटी म्हणाले.

एकदा बाहेर बारीक पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं. मी सांगितलं की मॅडम मलाही कपाळावरच्या रेषांसाठी उपचार घे म्हणतात, आणि माझ्याही मनात आहे. त्यांनी भिंग हातात धरून माझं कपाळ तपासलं, अगदी घड्याळ तपासावं तसं.

"दोन आहेत," ते म्हणाले. "एक जुनी. दुसरी गेल्या दोन महिन्यांतली दिसते... माझ्या काळजीची."

"मग काढून टाकू?"

"कपाळ तुमचं, मर्जी तुमची. मला मात्र ते वाचायची सवय झाली आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी या माणसाच्या प्रेमात पडले होते, आणि आमचं सगळं एका झोपलेल्या स्नायूच्या भरवशावर चाललं होतं. तो जागा झाला की माझ्या दोन बोटांचं काम संपलं.

अकराव्या आठवड्यातल्या फोटोत ती दिसली. उजव्या डोळ्याशी एक पुसट रेषा. दुसऱ्या कुणाला दिसली नसती, पण माझं पोटच त्यावर चालतं. मी तो फोटो फायलीला लावला नाही. पुढचेही नाही लावले. ते दर शनिवारी भिंग डोळ्यावर बसवून बघायचे, मी आकडे मोजायचे, आणि तीन म्हणेपर्यंत ते खाली पडायचं. "अजून नाही," ते म्हणायचे. "अजून नाही," मीही म्हणायचे. मग मी दोन बोटांत भिंग धरायचे.

गेल्या शनिवारी मी अर्धा तास आधीच पोचले. काचेतून पाहिलं तर ते कामात गढले होते. दोन्ही हात घड्याळात, ओठांवर शीळ, आणि भिंग उजव्या डोळ्यावर घट्ट बसलेलं. तारेची पट्टी खुंटीला टांगलेली.

मी दार ढकललं. त्यांनी वर पाहिलं... आणि मग भिंग पडलं. जरा उशिराच.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

ते लाजले. पन्नाशीचा माणूस कानापर्यंत लाल होतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "महिना झाला," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तुमचं येणं बंद झालं असतं."

मी कॅमेरा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. पाच शनिवारांचे पाच फोटो, दर फोटोत रेषा थोडी अधिक ठळक. ते एकेक बघत गेले.

"म्हणजे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं?"

"आठवडाभर आधी."

"मग भिंग कशाला धरत होतात?"

"तुमच्याजवळ उभं राहायला मिळतं म्हणून," मी म्हणाले. एकदा बोलून बसल्यावर मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मला तुम्ही आवडता. फार."

त्यांनी भिंग उचललं, रुमालाने पुसलं, पुन्हा डोळ्यावर बसवलं आणि माझ्याकडे वळले.

"मोजा," म्हणाले.

मी दहापर्यंत मोजलं. वीस झाले, तीस झाले. भिंग हललं नाही.

"बघा, आता तुमची काही गरज राहिली नाही," ते म्हणाले. "काहीही कारण नसताना याल? माझ्यासाठी?"

"शनिवारपर्यंत थांबायलाच हवं का?" मी विचारलं. "उद्या आले तर?"

ते हसले. तिन्ही रेषा एकदम उमटल्या आणि भिंग सुटलं, यावेळी अगदी खरोखरचं. मी ते वरच्या वर ओंजळीत झेललं.

फॉर्मवरचं 'हसणं' खोडायचं राहून गेलं होतं. आता मी ते खोडणार नाही.