शिसं लागलेला वस्तरा

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या हनुवटीला वर्तमानपत्राचे चार कपटे चिकटलेले होते. त्यातल्या एकावर तर ‘आकाश निरभ्र राहील’ एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

“धार लावायचीय,” काउंटरवर जुना वस्तरा ठेवत तो म्हणाला.

“वस्तऱ्याला की हाताला?” धारवालीनं विचारलं.

बाबांच्या या दुकानात कात्र्या आणि सुऱ्या पाजळण्यात तिची दहा वर्षं गेली होती. पातं उजेडात धरलं की माणूस कसा वापरतो ते तिला कळे. हे पातं सुरेख होतं. वापरणारा मात्र अगदीच कच्चा.

“आजोबांचा आहे,” तो म्हणाला. “काकांनी घड्याळ घेतलं, माझ्या वाट्याला हा आला. पण वापरायला शिकवणारे आजोबाच गेले…”

तो समोरच्या कचेरीत घरांचे नकाशे काढायचा. मग रोज जेवणाच्या सुट्टीत धडे सुरू झाले. तिनं फुगा फुगवला, त्याला साबणाचा फेस फासला आणि वस्तरा त्याच्या हातात दिला.

“फुगा न फोडता फेस काढा. मग गालाला हात लावा.”

पहिल्या आठवड्यात नऊ फुगे फुटले. दर वेळी मागे धारेच्या चाकापाशी बसलेले बाबा दचकायचे. “अगं, माझं वय बघ!”

“मनगट सैल… असं,” म्हणत तिनं त्याचं मनगट धरलं. ते आणखीच ताठ झालं.

तिसऱ्या आठवड्यात फुगे फुटायचे थांबले. ती तरीही म्हणाली, “अजून कच्चं आहे हं.” खोटं बोलताना ती फुग्याकडे बघत होती. हात बसला की हा कशाला येईल इकडे?

पण वस्तरा! तो दर चार दिवसांनी बोथट व्हायचा. ती धार लावायची, तो पुन्हा बोथट करून आणायचा.

“असंच चाललं तर पातं झिजून सुई होईल,” बाबा पुटपुटले. “मग आजोबांची सुई म्हणून मिरवा.”

ते तिला लागलं. त्या दिवशी तिनं भिंग घेतलं. धारेवर बारीक दाते पडले होते, आणि मुठीच्या खिळ्यापाशी काळी भुकटी.

“दाढीला शिसं लागत नाही,” ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले.

“पेन्सिलींना टोक करता यानं? आजोबांच्या वस्तऱ्यानं?”

“धार गेली नसती तर… यायचं कशासाठी?” तो म्हणाला. “रोज फुगे फोडायलाही आता जमत नाही.”

तिला हसू आलं, ते तिनं गिळलं. वस्तरा मिटून तिनं त्याच्यापुढे सरकवला.

“मी आता याला धार लावणार नाही. दर वेळी पातं थोडं कमी होतं, आणि आजोबा दुसरा पाठवणार नाहीत. हात तुमचा केव्हाच बसलाय. मीच खोटं बोलत होते.”

“का?”

“तुम्ही पेन्सिली का तासत होता?”

बाबांचं चाक एकदम हळू झालं.

“उद्या रिकाम्या हातानं या,” ती म्हणाली.

“आणि कशासाठी आलो म्हणून सांगू?”

“ते घरून ठरवून या.”

दुसऱ्या दिवशी तो आला. हात रिकामे, गाल गुळगुळीत… फक्त हनुवटीवर एकच कपटा.

“हे काय! हात बसला होता ना?”

“बसलाय. दाढी करताना पाठ करत होतो… तुम्हाला काय सांगायचं ते.”

“मग? सांगा.”

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. “विसरलो.”

तिनं बोट पाण्यात बुडवलं आणि तो कपटा हलकेच भिजवून सोडवला. बोट मात्र हनुवटीवरून काढलं नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “कळलं मला.”

मागे बाबांनी चाक जोरात फिरवायला घेतलं. चाकावर धरायला त्यांच्या हातात काहीच नव्हतं.