साडेसहाचा डाव

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. किकवीच्या धनाजीनं हे मारुतीच्या देवळात सांगितलं. काल्याचं कीर्तन झालं होतं, पंगती उठल्या होत्या, कपाळाचा बुक्काही अजून पुसला नव्हता. देवाच्या दारात माणूस खोटं कशाला बोलेल?

धनाजी हायवेकडच्या कंपनीत कामाला. बारा तास उभ्यानं. त्याचा चुलतभाऊ गेनू पासलीचा. घाटातनं टेम्पो चालवायचा.

दोघंही दमलेले जीव.

रोज संध्याकाळी साडेसहाला धनाजी फाट्यावर एसटीची वाट बघायचा. तेव्हा तिकडं घाटात गेनू टेम्पो कडेला घ्यायचा आणि दोघं आपापल्या मोबाईलवर लुडो खेळायचे. अर्धा तास. तेवढाच विसावा.

"घरी गेलं की बाप व्हायाचं, नवरा व्हायाचं," गेनू हसायचा. "हितं निस्ती हिरवी सोंगटी!"

गेल्या वैशाखात गेनू स्टेअरिंगवरच गेला.

डाव अर्धा राहिला.

दहाव्याला पासलीच्या नदीकाठी पिंड ठेवले. कावळे समोर बसले होते, पण एकही शिवेना. तासभर गेला.

"पोरांचं शिक्षाण आमी बघतो," चुलते आनंदराव हात जोडून म्हणाले.

नाही.

"गेनू, तुज्या आईला अंतर देणार न्हाई."

नाही.

"ऊन चढलं," भटजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववू का?"

दिवसाची सुट्टी मिळेना म्हणून धनाजी रात्रपाळी करून तसाच आला होता. डोळे मिटत होते. सुटका व्हावी म्हणून तो बोलून गेला,

"गेनूदादा, आपला डाव म्या रोज खेळीन. शिव आता."

"येडा का काय ह्यो!" गेनूची आई धोंडाबाई फणकारली. "हितं बी ख्योळ?"

आणि...

कावळा उतरला. थेट पिंडाला शिवला.

रोज खेळीन म्हणाला होता. कुठवर, ते बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मोबाईल थरथरला. पडद्यावर गेनूचं नाव. खेळायला बोलावत होतं.

त्यानं घाईघाईनं पासलीला फोन लावला.

"त्याचा मोबाईल ट्रंकेत हाय बाबा," धोंडाबाई म्हणाली. "बंद. कुलूप बी तसंच."

समोर तोच अर्धा डाव उघडला. फासा आपोआप फिरला...

हिरवी सोंगटी हलली.

पहिले काही दिवस धनाजी मायेनं खेळला. मग भीतीनं. एकदा मोबाईल बंद करून एसटीत बसला, तर किकवीपर्यंत खिशातनं आवाज येत राहिला... खुळ्. खुळ्. शेजारच्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

आणि डाव संपेना. हिरवी शेवटची सोंगटी घराच्या एक घर अलीकडे थांबलेली. फक्त एक पडायला हवा.

तो कधीच पडला नाही.

धनाजी वाळत चालला. पोरीशी बोलणं तुटलं. ताटावर बसल्या बसल्या झोपायचा.

"पयलं खेळून यायचा तर हसत यायचा," त्याची बायको मंगल म्हणाली. "आता दुसरी पाळी करून आल्यागत येता. खेळता तरी कशाला?"

"खेळत न्हाई गं. हजेरी लावतो."

मागच्या गुरुवारी त्यानं धीर केला. पाण्यानं डबडबलेल्या डोळ्यांनी मोबाईलवर लिहिलं, "दादा, लई दमलोय. सोड आता."

पलीकडे तीन टिंबं हलू लागली.

बराच वेळ...

मग उत्तर आलं.

"धन्या, म्या बी दमलोय. मला तूच बांधलंयस. तू सोड."

"कसं सोडू, ते इचारलं," धनाजी आम्हाला म्हणाला. "तर म्हणतो, मला तरी कुठं ठावं हाय."

त्यानं बुवांकडं पाहिलं. कीर्तनात दोन तास मोक्षावर इतकं गोड बोललेले बुवा. त्यांनी नुसता त्याच्या पाठीवरनं हात फिरवला.

उन्हं कलली. धनाजी खांबाला धरून उठला, चपला पायात सरकवल्या.

"येतो बुवा. दादा वाट बघत आसंल."

आम्ही वीसेक माणसं बसलो होतो. गळ्यात माळा, हातात टाळ.

एकाच्याही तोंडून 'थांब' निघालं नाही.